कॅमशाफ्टवरचा स्नेह
‘स्नेह’ म्हणजे तेल आणि मायासुद्धा. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात पदार्थांच्या 24 गुणांमध्ये स्नेह मोजला आहे: सुट्या पिठाचा गोळा बांधणारा, पाण्याचा गुण.

इंजिन पुन्हा जोडताना मेकॅनिक झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या लोबवर (उंचवट्यांवर) आणि जर्नलवर असेंब्ली ल्यूब, म्हणजे दाट वंगण, चोपडतो. चालू केल्यावर पहिले काही क्षण पंपाचं तेल वर पोचलेलं नसतं. लोब टॅपेटवर कोरडा घासला तर तेवढ्यातच ओरखडे पडतात. इथला स्नेह जोडत नाही, दोन धातूंमध्ये बारीक अंतर राखतो. नैयायिकांची व्याख्या इथे अपुरी पडते. माणसांमधली मायाही पुष्कळदा हेच करते.

कव्हर बसलं की ते काम कुणालाच दिसत नाही. इंजिन धडधडू लागतं आणि लेप तेलात मिसळून जातो.