उबेची मुदत

रक्षण आणि बंधन यांच्यामधील सीमारेषा नेमकी कोठे असते, हा प्रश्न नीतिशास्त्राने बहुधा राज्य आणि नागरिक, गुरू आणि शिष्य किंवा माता-पिता आणि अपत्य यांच्या संदर्भात विचारला आहे. पक्षिपालनासारख्या साध्या उद्योगातही तो तितक्याच निकडीने उभा राहतो. किंबहुना, जिचे रक्षण व्हायचे ती बाजू तेथे मुकी असल्यामुळे रक्षणकर्त्याची जबाबदारी अधिक उघडी पडते. गिनी कोंबडीची पिले घरातून बाहेरच्या खुराड्यात केव्हा आणि कशी न्यावीत, हा असाच एक प्रश्न आहे.

हा पक्षी मूळचा आफ्रिकेचा. ग्रीकांना तो ठाऊक होता. भावाच्या मृत्यूने शोकाकुल झालेल्या मेलिआगरच्या बहिणी या पक्ष्यांत रूपांतरित झाल्या, अशी त्यांची कथा आहे, आणि ते नाव पक्ष्याच्या शास्त्रीय नामात आजही टिकून आहे. भारतात इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने त्याचे कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी हे प्रकार विकसित केले. तथापि माणसाच्या सहवासात इतका काळ काढूनही या पक्ष्याने रान पुरते विसरलेले नाही. तो चांगला उडतो, दिवसभर दूरवर चरतो, आणि सायंकाळ झाली की त्याची पावले खुराड्यापेक्षा झाडाकडे वळतात.

अंड्यातून २६ ते २८ दिवसांनी बाहेर येणारे पिलू मात्र अत्यंत नाजूक असते. ओल आणि गारठा हे त्याचे पहिले शत्रू. आईच्या मागे दवाने भिजलेल्या गवतातून चालता चालताच कित्येक पिले गारठून मागे राहतात. म्हणून पाळणारा त्यांना घरात दिव्याच्या उबेत ठेवतो. पहिल्या आठवड्यात ही ऊब सुमारे ३५ अंश सेल्सिअस असते; पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी उतरवीत न्यायची. सहा-आठ आठवड्यांत अंगावर पुरती पिसे आली की दिव्याचे काम संपते.

या उतरत्या आकड्यांत एक नैतिक विचार दडलेला आहे. दिवा अकस्मात काढून घेतला तर पिलू दगावते, आणि तो तसाच तेवत ठेवला तर पिलू थंडी सोसण्यास शिकत नाही. घरात, डोळ्यांसमोर असलेले पिलू सुरक्षित वाटते. पण हे वाटणे पाळणाऱ्याचे असते, पिलाचे नव्हे. पिसे कोणाला फुटली आहेत, हे न पाहता आपली काळजी किती शमली आहे, एवढेच पाहून दिव्याची मुदत वाढविणारा मनुष्य पिलाला नव्हे, स्वतःला ऊब देत असतो. कांटने १७८४ साली प्रबोधनाविषयी लिहिलेल्या निबंधात पालकत्व मिरविणाऱ्यांवर हाच आक्षेप घेतला होता. आपल्या पाळीव गुरांना ते आधी मंद करून ठेवतात आणि मग पांगुळगाडा सोडल्यास कोणते धोके आहेत ते दाखवीत बसतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

पण दार उघडले की प्रश्न मिटतो, असेही नाही. घरातली पिले एकदम मोकळी सोडली तर ती उडून जातात आणि परतत नाहीत. कोठे परतायचे हेच त्यांना ठाऊक नसते. म्हणून नव्या खुराड्यात त्यांना प्रथम काही आठवडे बंद ठेवावे लागते. तेथील आढे, तेथील उजेड, संध्याकाळी तेथेच मिळणारे मूठभर धान्य यांतून ती जागा त्यांच्या लेखी घर होते. पुढे सोडतानाही सारा थवा एकदम सोडत नाहीत. आधी एक-दोघांना बाहेर काढायचे. आत राहिलेल्या सोबत्यांना टाकून ती दूर जात नाहीत. पक्ष्यांच्या सोबतीलाच येथे दोर बनविले जाते.

हे फसविणे नव्हे काय? येथे निःसंदिग्ध उत्तर देणे अवघड आहे. बंद दारातून उपजलेल्या ओढीला प्रेम म्हणावे की सवय, हा प्रश्न मानवी घरांनाही चुकलेला नाही. कोणतेही मूल आपले घर निवडून जन्माला येत नाही. शिवाय पाळणाऱ्याला अंडी हवी असतात, मांस हवे असते. त्याची ममता निर्हेतुक नसते. तरीही एक भेद निर्णायक मानावा लागेल. पंख कातरूनही पक्षी जवळ ठेवता येतो. कातरण्याने त्याचे सामर्थ्य हिरावले जाते; सवयीने सामर्थ्य शाबूत राहते, केवळ त्याला दिशा मिळते. कातरलेला पक्षी जाऊ शकत नाही म्हणून राहतो. सवयीचा पक्षी जाऊ शकत असूनही परततो. पहिल्याच्या राहण्यावरून पाळणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसऱ्याच्या परतण्यातून मात्र आपण दिलेला आसरा आसरा होता की कैद, याचा रोज संध्याकाळी निवाडा होतो.

हा निवाडा प्रत्येक वेळी अनुकूल लागतोच असे नाही. एखादा पक्षी झाडावरच रात्र काढतो आणि घुबडाच्या तावडीत सापडतो. दार उघडणाऱ्याकडे या मृत्यूचा काही अंश निश्चितच येतो. स्वातंत्र्याचे नाव घेऊन तो झटकता येत नाही. परंतु दार न उघडणाऱ्याकडेही एक दायित्व येते, आणि ते दिसत नाही एवढेच. न उडालेल्या आयुष्याचे पीस कोठे पडलेले सापडत नाही. दिसणाऱ्या हानीच्या भयाने न दिसणारी हानी पत्करणे, हा काळजी घेणाऱ्यांचा नित्याचा मोह आहे. त्यावर उपाय एकच दिसतो : ज्या दिवशी ऊब द्यायची, त्याच दिवशी तिची मुदतही ठरवायची, आणि ती मुदत आपल्या भयावर नव्हे, तर समोरच्याच्या पिसांवर मोजायची.