सागवानासारखं

पनवेलमध्ये जूनचा दुसरा आठवडा उलटला की लाकडी दारं फुगायला लागतात. कडी लागत नाही, खांदा देऊन दार लोटावं लागतं. मग सुतार येतो आणि रंधा मारून कड उतरवून जातो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच दार आकसतं आणि उतरवलेल्या कडेपाशी फट पडते. वाळवीचा त्रास वेगळाच.

म्हणून इथल्या बऱ्याच घरांत आता फायबरचं दार दिसतं. आधी ते फक्त बाथरूमला असायचं, आता काही जण मुख्य दारालाही लावतात. काचेचे तंतू आणि रेझिन साच्यात बसवून त्याचा पातळ, कडक पापुद्रा बनवतात आणि असे दोन पापुद्रे जोडून मध्ये फोम भरतात. पाण्याने ते फुगत नाही आणि वाळवीला त्यात खायला काही मिळत नाही. साच्यातच लाकडाच्या रेषा कोरलेल्या असतात, त्यामुळे हात फिरवला तर बोटांना त्या जाणवतात. फक्त रंग नसतो. आमचं दार कारखान्यातून आलं तेव्हा बिस्किटाच्या रंगाचं होतं. त्यावर स्टेन लावून त्याला लाकडाचं रूप द्यायचं होतं.

नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटला २०१८ साली ते दार बसलं आणि एक प्रश्न माझ्या मागे लागला. जे लाकूड नाही ते लाकूड दिसावं म्हणून रंगवणं, हे खोटं बोलणं आहे का? प्रश्न किरकोळ वाटेल. पण पुढे याच प्रश्नावर आमच्या घरात वीस हजार रुपये आणि एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली, म्हणून तो नीट मांडून बघतो.

आधी कामाबद्दल. स्टेन लावायला आले होते ते काका मूळचे फर्निचर पॉलिशवाले. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने सागवानावर हात मारण्यात त्यांची तीस वर्षं गेलेली. ते म्हणाले, ‘लाकूड पितं. हे पीत नाही.’ सगळा फरक या दोन वाक्यांत आहे. लाकडावर रंग आत मुरतो. फायबरमध्ये काहीच मुरत नाही, म्हणून त्यासाठीचा स्टेन जेलसारखा घट्ट असतो. तो फडक्याने चोळायचा आणि लगेच दुसऱ्या फडक्याने पुसून घ्यायचा. सपाट भागावरचा निघून जातो, कोरलेल्या रेषांमध्ये उरतो. तोच लाकडाचा भास.

काकांनी आधी आतले चौकोन केले, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. हात कायम त्याच दिशेने, ज्या दिशेने खऱ्या लाकडाच्या रेषा गेल्या असत्या. आडवी पट्टी उभीला भिडते तिथे त्यांनी चिकटपट्टी लावून सरळ रेघ राखली, कारण लाकडी दारात ती दोन वेगळी लाकडं असतात आणि तिथे सांधा असतो. आमच्या दारात सांधा नव्हताच. सगळा पापुद्रा अखंड. तरी नसलेल्या सांध्याची त्यांनी अब राखली. हवा दमट होती म्हणून दोन दिवस वाळू दिलं आणि मग वरून पारदर्शक कोटाचे दोन हात मारले, कारण आमचं दार पश्चिमेला आणि उन्हात नुसता स्टेन विटतो.

दार सुरेख झालं. आईला तर तिच्या रोह्याच्या माहेरचं दार आठवलं. हा रंगही तिनेच निवडला होता.

असल्या कामाला ठामपणे खोटं म्हणणारा माणूस म्हणजे इंग्लंडचा जॉन रस्किन. १८४९ साली आलेल्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या पुस्तकात त्याने बांधकामातल्या फसवणुकीचे तीन प्रकार सांगितले. जो आधार प्रत्यक्षात काम करत नाही तो करतोय असं दाखवणं, हा पहिला. एका वस्तूवर रंग देऊन ती दुसरीच आहे असं भासवणं, हा दुसरा. आणि हाताने घडवायच्या नक्षीऐवजी साच्यातून किंवा यंत्रातून काढलेली नक्षी, हा तिसरा. आमचं दार दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमाखाली सरळ दोषी ठरतं. साच्याचा पुरावाही आमच्या इमारतीतच होता. खालच्या मजल्यावर त्याच कंपनीचं दार आहे आणि त्यावर डाव्या कोपऱ्यात, अगदी आमच्याच जागी, तशीच एक गाठ आहे. दोन झाडांना एकाच जागी तशीच गाठ कधी येत नाही.

पण याच रस्किनने एक सूट दिली आहे आणि ती फार कामाची आहे. इमारतीवरचा सोन्याचा मुलामा फसवणूक नाही, असं तो म्हणतो, कारण अख्खा घुमट भरीव सोन्याचा असेल असं कुणी समजतच नाही. दागिन्यावर तोच मुलामा दिला तर मात्र ती फसवणूक, कारण तिथे बघणारा ते सोनं समजतो. म्हणजे खोटेपणा मुलाम्यात नाही. बघणारा काय समजून चालला आहे, त्यावर तो ठरतो. आपल्याकडे आता ‘एक ग्रॅम’चे दागिने सर्रास मिळतात आणि दुकानदार तसं सांगूनच विकतो. लग्नात ते घालून मिरवणारी मुलगी कुणाला फसवत नाही. सराफाकडे ते सोनं म्हणून गहाण टाकायला गेली, तर फसवते. दागिना तोच असतो.

आता पनवेलहून घाट चढून लोणावळ्यापलीकडे या. भाजे आणि कार्ले. भाज्याचं चैत्यगृह इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातलं, कार्ल्याचं त्यानंतरचं. दोन्ही अखंड कातळात कोरलेली. भाज्याचे खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा पेलायला खांब असे कलते ठेवत, कातळात त्याची काही गरज नाही. कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या बसवल्या आहेत, कार्ल्याच्या तर दोन हजार वर्षं टिकून आहेत. त्या फासळ्या काहीही पेलत नाहीत. छत म्हणजे डोंगरच, त्याला कसला आधार लागणार? पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत त्या फासळ्यासुद्धा दगडातच कोरल्या. लाकडी फासळ्यांची ती दगडी नक्कल.

रस्किनचं कलम लावलं तर ही लेणी पहिल्याच प्रकारात अडकतात. पण आत उभं राहून आपण फसवले गेलो असं कुणाला वाटतं? डोंगर चढून आलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की आपण डोंगराच्या पोटात आहोत. मग त्या कारागिरांनी हे का केलं असेल? मला वाटतं, एकत्र बसायची जागा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी मंडप यायचा. साहित्य बदललं तरी ओळखीचा आकार त्यांना सोडवला नाही. आई दाराचा रंग निवडताना हेच करत होती. तिला कुणाला फसवायचं नव्हतं. दार म्हटलं की तिला एक विशिष्ट तपकिरी दिसायचा, इतकंच.

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी एक साधा शब्द आहे. सारखं. दसऱ्याला आपट्याचं पान हातावर ठेवून आपण ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणतो. पानाला सोनं म्हणतो आणि कुणी ते वजन करायला नेत नाही. ‘सागवानासारखं दार’ म्हटलं तर त्यात दोन गोष्टी सांगून होतात. हे सागवानाची आठवण करून देतं, आणि हे सागवान नाही. आमची पंचाईत झाली ती हा ‘सारखं’ गळून पडला तेव्हा.

गेल्या वर्षी आम्ही तो फ्लॅट विकायला काढला. विमानतळामुळे भावांची चर्चा जोरात होती. एजंटने मोबाइलवर पाठवायला मजकूर केला, त्यात लिहिलं ‘सागवानी मेन डोअर’. मी म्हटलं, हे काढा. त्याने ‘सागवान फिनिश’ केलं. शब्द खोटे नव्हते, पण वाचणारा ‘सागवान’ वाचतो आणि ‘फिनिश’वरून डोळा पुढे सरकतो. मी ‘फायबरचं दार’ लिहायला लावलं. एजंट म्हणाला, ‘दारावरून कुणी फ्लॅट घेत नाही. पण दारावरून भाव मात्र पाडतात.’

बाबा एजंटच्या बाजूने होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कुणी विचारलं तर खरं सांगू, न विचारता कशाला? आणि कायदाही बराचसा त्यांच्या बाजूने आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ सांगतं की नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. अपवाद दोनच. परिस्थिती पाहता बोलणं हे कर्तव्य असेल, किंवा ते गप्प राहणं स्वतःच बोलण्याइतकं असेल, तर गोष्ट वेगळी. दाराच्या साहित्यासाठी कुणी कोर्टात जाणार नाही, हेही उघड होतं.

मग एक निवृत्त गृहस्थ पत्नीसह फ्लॅट बघायला आले. मजकूर त्यांनी वाचलेला नव्हता, एजंटने फोनवरच बोलावलं होतं. आत येतानाच त्यांनी दारावरून हात फिरवला आणि पत्नीला म्हणाले, ‘बघ, दार मात्र सागवानी आहे. आता असं कोण लावतं?’

त्यांनी आम्हाला काही विचारलं नव्हतं. बाबांच्या नियमाप्रमाणे गप्प राहायला हरकत नव्हती. पण गप्प राहिलो असतो तर ते गप्प राहणं काम करत राहिलं असतं. त्यांच्या मनात एक समज आमच्या डोळ्यांदेखत तयार झाली होती, तिच्या जोरावर ते पैसे मोजायच्या बेतात होते, आणि ती चुकीची आहे हे त्या खोलीत आम्हालाच ठाऊक होतं. मी म्हटलं, ‘काका, फायबरचं आहे. स्टेन लावलाय.’ त्यांनी बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकून पाहिलं. बोलणी झाली तेव्हा म्हणाले, ‘मग दाराचे वीस हजार कमी करा.’ बाबांनी केले. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

बाबांना लबाड म्हणणं अन्यायाचं होईल. विचारल्यावर खोटं न बोलणं हा त्यांचा नियम आहे आणि तो त्यांनी आयुष्यभर पाळला. आमच्यातला फरक एवढाच की त्यांच्या लेखी जबाबदारी प्रश्नापासून सुरू होते. मला वाटतं ती त्याआधी, समोरचा आपल्याकडच्या एखाद्या गोष्टीच्या भरवशावर काही द्यायला निघतो तिथपासून सुरू होते. मग ते पैसे असोत, नोकरी असो की लग्नाचा होकार. बायोडेटात ‘इंग्रजीवर प्रभुत्व’ लिहिणाऱ्याला मुलाखतीत इंग्रजीबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून ते वाक्य खरं होत नाही.

आणि खरं लाकूड लावलं म्हणजे आपण आपोआप सज्जन ठरतो, असंही नाही. शिवकालीन परंपरा सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबा-फणसासारखी झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, अगदीच जीर्ण झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं, असं त्यात बजावलं आहे. खऱ्या लाकडामागेही कुणाचं तरी झाड असतं. फायबर त्या जबाबदारीतून सुटतं, पण मोडीत निघाल्यावर ते कुजत नाही आणि सहज वितळवताही येत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात अजून नीट बसत नाही. पैशाचा व्यवहार नसतो तेव्हाचं काय? पाहुणे येतात, दार बघून ‘वा, सागवान!’ म्हणतात आणि आपल्याला थोडा जास्त मान देतात. मान हाही माणूस काहीतरी समजूनच देतो. फोनमधल्या फिल्टरने उजळलेल्या चेहऱ्यालाही तो मिळतो. प्रत्येक कौतुकाला अडवून खुलासा करत बसलं तर जगणं मुश्कील होईल. काहीच न बोलता ते खिशात घालत राहिलं, तर आपल्यालाच हळूहळू विसर पडेल की दार कशाचं आहे.

आईला हे कोडं कधी पडलंच नाही. त्या फ्लॅटमध्ये होतो तोवर कुणी दाराचं कौतुक केलं की ती खुशीत सांगायची, ‘फायबर आहे हो. पण रंग आमच्या रोह्याच्या दाराचा.’ मग पाहुणे बहुतेक वेळा रोह्याच्या घराबद्दल विचारायचे आणि दाराचा विषय तिथेच राहायचा.