थोथचा ग्रंथ आणि कोतवालाचं घर

चि. सानू,

तुझ्या कादंबरीची तीन प्रकरणं एका बैठकीत वाचून काढली. नायक जादूगारही आणि उत्खनन करणाराही, इजिप्तच्या वाळवंटात मंतरलेल्या वस्तूंचा माग काढत हिंडणारा, आणि प्रत्येक मोहिमेवर स्वतः पुस्तक लिहून छापणारा. मला तो मनापासून आवडला. हे सगळं पोरकट तर वाटत नाही ना, असं तू विचारलंस. मुळीच नाही. पण एक गोष्ट तिन्ही प्रकरणांत सलत राहिली. तुझा नायक थडग्यात शिरतो, मंत्र पुटपुटतो, राखणीचा साप मारतो, पेटी काखोटीला मारतो आणि चालता होतो. मागे काय विस्कटलं, हे तो वळून बघत नाही. त्याबद्दलच लिहिते आहे. पत्र लांबेल, पण सवडीनं पुरतं वाच.

तुझ्या नायकाला एक फार जुना पूर्वज आहे आणि त्याची ओळख तुला असायलाच हवी. त्याच्या गोष्टी इजिप्तच्या लोकांनीच रचल्या, आणि त्यांतली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट ज्या पपायरसवर सापडली तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, टॉलेमी राजांच्या काळातला आहे. आता तो कैरोत आहे. हाइनरिख ब्रुग्श या जर्मन पंडितानं १८६७ साली तिचं भाषांतर छापलं, तेव्हा युरोपला ती ठाऊक झाली. नायकाचं नाव सेतने खाएमवासेत. तो राजपुत्र आहे, जादूचे ग्रंथ जाणतो, आणि जुन्या कबरींवरचे लेख वाचत फिरतो.

हा खाएमवासेत खरोखर होऊन गेला. दुसरा रामसेस इ. स. पू. १२७९ ते १२१३ असा राज्यावर होता, त्याचा हा मुलगा, मेम्फिसला प्ताह देवाचा पुरोहित. त्याच्या काळात सक्कारा इथला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड १४०० वर्षं जुना झाला होता. आपल्याला आज बदामीचे चालुक्य जितके लांब वाटतात, जवळपास तितकाच त्याला जोसेर लांबचा. हा मनुष्य त्या पडझड झालेल्या जागी जायचा, कोणतं स्मारक कोणाचं हे शोधून काढायचा, आणि मूळ राजाचं नाव दगडावर पुन्हा कोरून ठेवायचा. उनास राजाच्या पिरॅमिडच्या दक्षिण बाजूवर त्यानं कोरवलेला लेख आजही आहे. त्यात कारणही दिलं आहे: पिरॅमिडवर राजाचं नाव आढळलं नाही, ते नांदतं राहावं म्हणून. खुफू राजाचा मुलगा कावाब याची जुनी मूर्ती त्याला सापडली, तर तिच्यावरही त्यानं ती कोणाची ते लिहून ठेवलं आणि पूर्वीच्या थोर माणसांवरची आपली माया नोंदवली. त्याला जगातला पहिला इजिप्तविद म्हणतात. मला ती पदवी पटते, कारण वस्तू हाती आल्यावर ही कोणाची, हा प्रश्न त्याला आधी पडत होता.

लोकांनी मात्र हजारेक वर्षांत त्याचा जादूगार केला. दिवसरात्र थडग्यांत वावरणारा, कोणाला न कळणारी अक्षरं वाचणारा माणूस मंत्र जाणत असणारच, असं त्यांना वाटलं असावं.

आता गोष्ट ऐक. नीट ऐक, कारण तुला हवं ते सगळं हिच्यात आहे.

नानेफेरकप्ताह नावाचा एक राजपुत्र कबरस्तानातले लेख वाचण्यात गढलेला असायचा. एक म्हातारा पुरोहित त्याला हसला. म्हणाला, ही अक्षरं काय वाचतोस, खुद्द थोथ देवानं आपल्या हातानं लिहिलेला ग्रंथ कुठे आहे ते मी सांगतो. त्यासाठी त्यानं स्वतःच्या अंत्यविधीपुरती चांदी मागून घेतली. ग्रंथ कॉप्टोस गावच्या पाण्यात होता: लोखंडाच्या पेटीत तांब्याची, तिच्यात लाकडाची, मग हस्तिदंत आणि शिसवीची, मग चांदीची, आणि सर्वांत आत सोन्याची. भोवती साप आणि विंचू, आणि एक कधीच न मरणारा नाग. नानेफेरकप्ताहनं नाग दोनदा मारला, दोनदा तो जिवंत झाला. तिसऱ्या वेळी त्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्हींच्या मधे वाळू टाकली. ते पुन्हा जुळलेच नाहीत.

ही मूठभर वाळू लक्षात ठेव. तुझ्या नायकाच्या तोंडी मी मोजून थकले इतके मंत्र आहेत, पण एकही असा उपाय नाही जो वाचकाला आपण हातानं केल्यासारखा वाटेल. पुढे तर आणखी सुंदर आहे. ग्रंथ वाचल्यावर त्याला पक्ष्यांची बोली कळू लागते, खोल पाण्यातले मासे दिसतात. मग तो नव्या पपायरसवर त्याची नक्कल उतरवतो, ती पाण्यात विरघळवतो आणि पिऊन टाकतो. सगळं ज्ञान पोटात. लेखकानं हे हवेतून आणलेलं नाही. इजिप्तमध्ये कोरीव मंत्रांवरून ओघळलेलं पाणी विंचूदंशावर, सर्पदंशावर खरोखर पाजत असत. जादू त्या मातीतल्या रोजच्या व्यवहारातून आली की ती खरी वाटते. तुझे मंत्र कुठल्याही देशात चालतील असे आहेत, तिथे थोडी मेहनत घे.

थोथनं सूर्यदेवाकडे फिर्याद केली. परतीच्या वाटेवर नानेफेरकप्ताहचा लहान मुलगा मेरिब नदीत पडून गेला, मग बायको अहवेरे गेली. दोघांना कॉप्टोसला पुरलं. शेवटी ग्रंथ अंगाशी बांधून त्यानं स्वतःही नदी जवळ केली. त्याला ग्रंथासकट मेम्फिसला पुरण्यात आलं.

आणि इथे, पिढ्या लोटल्यावर, आपला सेतने त्या थडग्यात शिरतो. अहवेरेची छाया त्याला ही सगळी कहाणी स्वतः सांगते. तिचं शरीर दूर कॉप्टोसला आहे, नवऱ्याच्या लेखणीच्या कसबानं तेवढी ती त्याच्याजवळ राहिली आहे. लिहिणाऱ्या मुलीनं ही जागा वाचायलाच हवी. सेतने सगळं ऐकतो आणि तरीही ग्रंथ मागतो. सोंगट्यांचा डाव मांडला जातो, तो तीनदा हरतो, दर वेळी जमिनीत आणखी रुततो, कानापर्यंत. तेव्हा भाऊ इनारोस धावत जाऊन प्ताहचे ताईत आणत नाही तर तो तिथेच संपता. ताईत अंगाला लागताच तो उसळून वर येतो, ग्रंथ हिसकावतो आणि निघतो. त्याच्यापुढे उजेड चालतो आणि मागे काळोख. तुझी तिन्ही प्रकरणं नेमकी इथे संपतात, सानू. त्या जुन्या लेखकाची गोष्ट इथून पुढे चढत जाते.

राजा सांगतो, परत ठेवून ये. सेतने ऐकत नाही. उलट भेटेल त्याला ग्रंथ वाचून दाखवतो. मग तबुबू नावाची एक स्त्री त्याला दिसते आणि तिच्यापायी तो आपली सगळी मालमत्ता लिहून देतो, शेवटी पोटच्या मुलांना मारू देतो. दुसऱ्या क्षणी जागा होतो तो रस्त्यावर, उघडा. तो सगळा भास होता, मुलं सुखरूप आहेत. तेव्हा तो ग्रंथ घेऊन थडग्याकडे परततो.

पण ग्रंथ परत दिल्यानं भागत नाही, आणि तुला मी हे सगळं सांगते आहे ते पुढच्या भागासाठी. नानेफेरकप्ताह त्याला म्हणतो, माझी बायको आणि मुलगा कॉप्टोसला आहेत, त्यांना इथे आण. सेतने कॉप्टोसला जातो. तीन दिवस आणि तीन रात्री तो तिथल्या कबरी शोधतो, जुन्या शिळा उलटवतो, त्यांच्यावरचे लेख वाचतो. जागा सापडत नाही. इथे एकही मंत्र चालत नाही, हे बघ. मग एक जख्ख म्हातारा येतो (तो नानेफेरकप्ताहच असतो, रूप पालटून आलेला) आणि सांगतो, आमच्या पूर्वजांकडून ऐकलं आहे, ती कबर कोतवालाच्या घराच्या दक्षिण कोपऱ्याखाली आहे. सेतनेला संशय येतो. कोतवालानं तुझं काही वाईट केलं असेल, म्हणून त्याचं घर पाडायला सांगतोस की काय? म्हातारा म्हणतो, खणून होईपर्यंत मला धरून ठेवा, खोटं निघालं तर शिक्षा करा. घर पाडलं जातं, कबर सापडते. आणि मग सेतने कोतवालाचं घर होतं तसं पुन्हा बांधून देतो.

खजिन्याच्या जितक्या गोष्टी मी वाचल्या, त्यांत एवढं शहाणं पान मला दुसरं आढळलेलं नाही. जमिनीवरून फिरून केलेली पाहणी आहे, शिलालेखांचं वाचन आहे, गावातल्या म्हाताऱ्याची आठवण आहे, त्या आठवणीवर घेतलेला रास्त संशय आहे, खणणं आहे, आणि ज्याचं घर मोडलं त्याची भरपाई आहे. आणि शेवटी हाती काय लागतं, तर सोनं नाही, ताटातूट झालेलं एक कुटुंब.

त्याच कॉप्टोसला, म्हणजे आजच्या किफ्त गावी, १८९३-९४ मध्ये फ्लिंडर्स पेट्रीनं उत्खनन केलं आणि गावकऱ्यांना बारीक खणकामाचं शिक्षण दिलं. मातीचा रंग कुठे बदलतो, कच्च्या विटेची भिंत कुठे संपते, हे हातानं ओळखणारी माणसं तिथे तयार झाली. त्यांना कुफ्ती म्हणतात. बापाकडून मुलाकडे ती विद्या गेली आणि इजिप्तभरच्या उत्खननांवर कुफ्ती मुकादम काम करू लागले. तुझ्या तीन प्रकरणांत खणणारे मजूर आहेत, पण त्यांना चेहरे नाहीत. ओरडणं आणि पळून जाणं एवढंच काम तू त्यांना दिलंस. हे मला खरंच लागलं.

हिसकावून नेलेल्या वस्तूचं काय होतं, याचा दाखला तर खुद्द खाएमवासेतच्या वाट्याला आला. १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ऑग्युस्त मारिएतनं सक्कारा इथलं सेरापियम, म्हणजे पवित्र बैलांची भुयारी दफनभूमी, उघडलं. वाटेतले दगड त्यानं सुरुंगाच्या दारूनं उडवले. तिथे सोन्याचा मुखवटा असलेलं एक दफन मिळालं, सोबत खाएमवासेतच्या नावाचे दागिने. सोनं लूव्र संग्रहालयात सुरक्षित आहे. पण ते दफन राजपुत्राचं की माणसाच्या आकारात बांधलेल्या बैलाच्या अवशेषांचं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

आपल्या घराजवळचं उदाहरण हवं तर प्रवरेकाठचं दायमाबाद घे. १९७४ साली तिथे झाडाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून वजन ६० किलोंच्या वर. इतकं देखणं काम क्वचित दिसतं. पण या वस्तू उत्खननाच्या थरात मिळालेल्या नाहीत. कोणत्या मातीत, कोणत्या खापरांच्या सोबत होत्या याची नोंद नाही, म्हणून त्यांच्या काळाबद्दलचा वाद मिटत नाही. शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही, तो लाकूड खणत होता. तुझा नायक मात्र जाणूनबुजून तेच करतो आणि वर स्वतःला उत्खनक म्हणवतो.

त्यातही आपल्याकडे गुप्तधनाच्या नावानं काय चालतं, हे तू बातम्यांत वाचतेसच. मध्यरात्री पूजा मांडून जुनी देवळं, वाडे खणले जातात, कधी माणसाच्या जिवावर उठतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं वेगळी नमूद करावी लागली. म्हणून मंत्र आणि खजिना एकत्र आणणाऱ्या मराठी लेखिकेवर जास्त जबाबदारी आहे असं मी मानते. मंत्र काढून टाक असं मी म्हणत नाही. मंत्रानं दार उघडू दे. पण आत काय होतं, कुठे होतं, कोणाचं होतं, हे मंत्रानं कळता कामा नये.

संथ कामात थरार कुठून आणू, असं म्हणशील. हॉवर्ड कार्टरला तुतनखामुनची कबर नोव्हेंबर १९२२ मध्ये सापडली. ती रिकामी करायला त्याला १९३२ उजाडलं. पाच हजारांहून जास्त वस्तू, प्रत्येकीला क्रमांक, कार्ड, रेखाटन, आणि हॅरी बर्टननं जागेवर काढलेली छायाचित्रं. ते सगळं ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटनं कोणालाही पाहता येईल असं खुलं ठेवलं आहे. दहा-वीस कार्डं वाचून बघ. वस्तू उचलण्यापूर्वीचा श्वास रोखलेला क्षण त्यांच्यात आहे. तुझा नायक आपल्या मोहिमांची पुस्तकं छापतो ना? मग त्या पुस्तकातली एक-दोन पानं अशा नोंदींची दे. जिंकलेल्या सापांची संख्या कमी झाली तरी चालेल.

सेतनेची गोष्ट तुला मिरियम लिक्टहाइम यांच्या इजिप्शियन साहित्याच्या तिसऱ्या खंडात मिळेल. चौथं प्रकरण त्याआधी लिहू नकोस. आणि ते लिहिताना नायकाला पेटी घेऊन जिथून निघाला त्याच थडग्याकडे परत पाठव. बरोबर एक कुफ्ती मुकादम दे. त्याला नाव दे, घर दे, लेकीसुना दे, आणि कुठे खणायचं यावरून तुझ्या जादूगाराशी एकदा तरी कडकडून भांडू दे.

तुझी,
मावशी