पातळ पडद्याचे बळ

हिवाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांवर पट्टकादंब उतरतात, तेव्हा कौतुक होते ते त्यांच्या पंखांचे. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्यांचे ते व्हायलाच हवे. पण या प्रवासाचे अर्धे मर्म फुप्फुसात आहे आणि ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. आपल्या फुप्फुसात हवा वायुकोशांत शिरते आणि आल्या वाटेने परतते. जेमतेम 0.2 मिलिमीटर रुंदीचे हे कोश दर श्वासाला फुगतात, आकसतात. पक्ष्यांत ही कामे वाटलेली आहेत. भात्याचे काम वायुपिशव्या करतात. फुप्फुस मात्र फासळ्यांना बिलगून जवळजवळ स्थिर असते. त्यातल्या बारीक नळ्यांतून श्वास घेताना आणि सोडतानाही हवा एकाच दिशेने वाहते. नळ्यांच्या भिंतींत 3 ते 20 मायक्रॉन व्यासाच्या वायुकेशिकांचे जाळे असते. फुप्फुसाला सतत ताणले जावे लागत नाही, म्हणूनच हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ राहू शकतो: माणसात सुमारे 0.6 मायक्रॉन, तर काही लहान पक्ष्यांत 0.1च्या आसपास. हा नाजूकपणा चोख कामवाटणीचे फळ आहे.

यावर कुणी म्हणेल, असे फुप्फुस चिमणीलाही असते. मग ती हिमालय का ओलांडत नाही? आक्षेप रास्त आहे. पट्टकादंबाचे हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू अधिक घट्ट धरते, त्याच्या स्नायूंत रक्तकेशिकाही दाट असतात. पण हिमोग्लोबिन धरणार तेच, जे पडद्यापलीकडून आले. 7,290 मीटरपर्यंत उडताना नोंदल्या गेलेल्या या पक्ष्याला तिथे समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी प्राणवायू मिळतो. फुप्फुसाचा पाया कच्चा असता, तर वरचे इमले उभेच राहिले नसते. दुसरा आक्षेप वटवाघळाचा: सस्तन प्राण्याचे फुप्फुस घेऊन तेही उडतेच. खरे आहे, पण त्याचेही फुप्फुस मोठे आणि पडदा पातळ झालेला आहे. वाट निराळी, गरज तीच.

मात्र प्राणवायूला सहज वाट देणारा पडदा विषारी वायूलाही अडवत नाही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986पर्यंत कॅनरी पक्षी ठेवत, कारण कार्बन मोनॉक्साइडने ते माणसाआधी कोसळत. तलावाकाठी कचरा पेटवताना हे आठवावे. तलाव राखायचा, तर पाण्यासोबत त्यावरची हवाही राखायला हवी.