दान दिले, विचार नाकारला

मुंबईच्या इतर कोळीवाड्यांप्रमाणे खारदांड्याच्या कोळ्यांचीही कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा. चैत्रात तिच्या पालखीला डोंगरावर माणसांची रीघ लागते. तिच्या देवळाला लागूनच भारतातले सर्वांत मोठे कोरीव बौद्ध चैत्यगृह उभे आहे. ओटी भरून परतणाऱ्या भाविकाला या शेजाराचे काही वावगे वाटत नाही. अभ्यासकांनी आणि राजकारण्यांनी मात्र त्यातून दोन टोकाचे निष्कर्ष काढले. एक असा की हिंदू, बौद्ध आणि जैन ही एकाच घराची भावंडे आहेत, त्यांच्यात भांडण कधी नव्हतेच. दुसरा असा की हे तिघे, निदान पहिले दोघे, कायम एकमेकांचे वैरी होते आणि डोंगरावरचे देऊळ हे विजयाचे निशाण आहे. महाराष्ट्रातल्या लेण्यांचे लेख नीट वाचले तर या दोन्ही मतांना धक्का बसतो.

अंधेरीच्या महाकाली या बौद्ध लेण्यांपासूनच सुरुवात करू. जुने नाव कोंडिवटे. तिथल्या एका लेखात भावासह विहार दान करणारा दाता स्वतःला गोतम गोत्राचा ब्राह्मण म्हणवतो. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचे अभिमानाने कोरतो. त्याच लेण्यात, ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे व्याजाने ठेवून भिक्षूंच्या वस्त्रांची आणि किरकोळ खर्चाची सोय केल्याचेही तो नोंदवतो. ही केवळ राजघराण्याची चतुराई होती असे म्हणावे, तर कार्ल्याचे दाते आडवे येतात. तिथे धेनुकाकटचा सुतार आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा गांधी आहे, यवन आहेत. कार्ल्यापासून जवळच, मावळातल्या पाले गावच्या लेण्यात अरहंतांना नमस्कार करून सुरू होणारा एक लेख सापडला. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो जैन ठरवला, आणि महाराष्ट्रातला तो सर्वांत जुना जैन लेख मानला जातो. भाजे, बेडसे, कार्ले या बौद्ध लेण्यांच्या खोऱ्यातच जैन श्रमणांसाठीही लेणे आणि पाण्याची पोढी खोदली गेली होती. डोंगर तेच, व्यापारी वाटा त्याच. दाते आणि पाथरवटही बहुधा त्याच समाजातले.

इथे थांबले तर भावंडांची कल्पना जिंकते, आणि बहुतेक लेखक इथेच थांबतात. पण नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात तिने ते लेणे बौद्ध भिक्षूंना दिले आणि आपल्या दिवंगत मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून ठेवली. त्यात तो अद्वितीय ब्राह्मण आहे, आणि चार वर्णांचा संकर त्याने थांबवला ही त्याची कीर्ती म्हणून सांगितली आहे. ज्या संघात प्रवेश करताना जातकूळ गळून पडावे अशी शिकवण होती, त्याच संघाला दिलेल्या दानाच्या लेखात वर्णसंकर रोखल्याची प्रौढी आहे. भिक्षूंनी तो लेख आपल्या भिंतीवर राहू दिला. दात्याने संघाला पैसा दिला, जमीन दिली, आदर दिला. समाज कसा असावा याबद्दलचा संघाचा विचार मात्र घेतला नाही. महाराष्ट्रातल्या या तीन धर्मांच्या नात्याचे मर्म मला या एका लेखात दिसते.

सुमारे सातशे वर्षांनंतरही घडी तीच आहे. राष्ट्रकूट अमोघवर्ष जैन आचार्य जिनसेनाचा शिष्य होता. त्याच्या संजान ताम्रपटात, प्रजेवरचे अरिष्ट टळावे म्हणून त्याने महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केल्याचे लिहिले आहे. आणि त्याच्याच काळात, त्याचे मांडलिक असलेल्या शिवभक्त शिलाहारांच्या राज्यात, बोरिवलीच्या कान्हेरीला बौद्ध संघाला देणग्या मिळत होत्या. त्यात मठाची डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी रक्कम नेमून दिली होती. गौडदेशाहून, म्हणजे बंगालहून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या बौद्ध उपासकाचे दानही तिथे नोंदलेले आहे. असे राजे उदार होते, यात शंका नाही. पण उदार राजा असणे आणि विचारांचा वाद मिटणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

वाद मिटला नव्हता हे पुराणांवरून कळते. विष्णुपुराणात विष्णू मायामोह निर्माण करतो. तो आधी दिगंबर होऊन आणि मग तांबडी वस्त्रे नेसून दैत्यांना वेदांपासून भ्रष्ट करतो. जैन आणि बौद्ध दोघेही इथे भ्रमाची पिलावळ आहेत. पुढे बुद्ध अवतारांच्या यादीत आला, तोही आधी असुरांना फसवणारा म्हणून. बाराव्या शतकातल्या जयदेवापर्यंत येता येता तो यज्ञातली पशुहत्या पाहून द्रवणारा करुणामूर्ती झाला. भागवतात जैनांचे तीर्थंकर ऋषभदेवही अवतार झाले. याला एकतर्फी गिळंकृत करणे म्हणावे, तर जैनांनीही तेच केलेले दिसते. विमलसूरीने महाराष्ट्री प्राकृतात रामकथा लिहिली, तीत रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, कारण राम अहिंसेच्या वाटेवरचा आहे. जैन कथांत कृष्ण तीर्थंकर नेमिनाथाचा चुलतभाऊ आहे. प्रत्येकाने दुसऱ्याचा नायक घरात घेतला तो आपल्या अटींवर. फरक पडला तो पुढच्या काळात. जैनांमागे श्रावकांची, व्यापारी कुटुंबांची घट्ट बांधणी होती, म्हणून ते टिकले आणि आपली कथा स्वतः सांगत राहिले. बौद्ध संघ विहार आणि दाते यांवर उभा होता. दान देवळांकडे आणि अग्रहारांकडे वळले तेव्हा विहार ओस पडले, आणि बुद्धाची कथा सांगणारे इतरच उरले. नाशिकची लेणी पांडवांची झाली, कोंडिवट्याची ओळख महाकालीच्या नावाने होऊ लागली.

एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी ही विस्मृती दूर केली, पण आपले साचेही आणले. १८३७ च्या सुमारास प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या ग्रंथाने वेरूळची मांडणी आधी बौद्ध, मग ब्राह्मणी, शेवटी जैन अशी केली. तीन धर्म एकामागून एक रंगमंचावर येतात असे चित्र त्यातून रुजले. नंतरच्या अभ्यासाने दाखवले की रामेश्वर आणि धुमार लेणे ही शैव लेणी तिथल्या बौद्ध लेण्यांच्याही आधीची असावीत. जैन धर्म ही बौद्धांचीच शाखा, हा युरोपीय समज हर्मन याकोबीने १८७९ मध्ये खोडून काढला. आपल्याकडे धर्मानंद कोसंबींनी 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या पुस्तकात बुद्ध आणि पार्श्व यांच्या विचारांतले नाते शोधले. त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी लेण्यांच्या जागा आणि वाटांवरच्या मातृदेवतांची ठाणी यांचा संबंध मांडला. तो मानला तर कार्ल्याची आई भिक्षूंच्याही आधीची असू शकते, आणि 'अतिक्रमण' हा शब्द दोन्ही बाजूंनी सैल पडतो. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' मध्ये विठ्ठलाच्या बौद्ध आणि जैन ओळखींचा धांडोळा घेतला.

शेजाराच्या या चित्रावर सर्वांत वजनदार हरकत डॉ. आंबेडकरांची आहे. प्राचीन भारताचा इतिहास म्हणजे बौद्ध क्रांती आणि ब्राह्मणी प्रतिक्रांती यांचा संघर्ष, असे त्यांनी मांडले. दानलेख दाखवून हे खोडता येईल असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. दानलेखांनी एवढेच सिद्ध होते की रोजच्या व्यवहारात हे समाज शेजारी राहत होते. वर्णाचा प्रश्न आला की राजाने कोणाची बाजू घेतली, हे बलश्रीचा लेख सांगतो, आणि तिथे आंबेडकरांचेच म्हणणे खरे ठरते. सततच्या रणाचे चित्र त्यांच्या मांडणीतून कोणी काढले तर ते मात्र पुराव्याला सोडून होईल. समन्वयाच्या भाषेचा दोष याहून गंभीर आहे. बुद्धाला अवतार म्हणणारा त्याला मोठेपणा देतो, पण वेद आणि वर्ण यांना त्याने दिलेला नकार पुसून टाकतो. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याची प्रतिज्ञा आहे. अनेकांना ती कडवट वाटते. दोन हजार वर्षांचे लेख समोर ठेवले, तर इतिहास म्हणूनही ती बरोबर आहे.