एका झाडावरचे दोन पक्षी

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 164 व्या सूक्तात आलेली आणि पुढे मुंडक व श्वेताश्वतर या दोन्ही उपनिषदांत पुन्हा भेटणारी एक प्रतिमा सर्वपरिचित आहे: एकाच झाडावर दोन सखे पक्षी बसले आहेत, त्यांतला एक पिंपळाचे गोड फळ खातो आणि दुसरा काहीही न खाता केवळ पाहत राहतो. भाष्यकारांनी खाणाऱ्यास जीव, म्हणजे कर्मफळ भोगणारा भोक्ता, आणि पाहणाऱ्यास ईश्वर, म्हणजे साक्षी, असे ओळखले. शंकराचार्यांनी या दोघांतील भेद उपाधीमुळे, म्हणजे देह व अंतःकरण यांच्या आवरणामुळे, भासणारा मानला, तर मध्वाचार्यांनी तोच भेद खरा व कायमचा ठरवला. या थोर वादात एक साधी गोष्ट सहसा बाजूला राहते, ती ही की दुसरा पाहत असूनही पहिल्याचे खाणे थांबत नाही.

रानातल्या फळझाडांवर उतरलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे टिपणाऱ्यापुढे नेमकी हीच कसोटी असते. बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्याच्या रानात किंवा लोणारच्या विवराच्या उतारावरील झाडीत बोरी पिकतात, घाणेरीची फळे काळी पडतात, वड-उंबरांना बहर येतो, आणि मग बुलबुल, हळद्या, हिवाळी पाहुण्या भोरड्या त्यांवर तुटून पडतात. बुलबुल लहानसे फळ चोचीत धरून मान मागे टाकतो व अख्खे गिळतो. तो निमिष टिपण्यासाठी माणूस तासन्‌तास बसून राहतो. त्याला साक्षी म्हणता येईल काय?

सांख्यदर्शनातील पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, द्रष्टा असूनही अकर्ता राहतो, कारण त्याला देह नाही. छायाचित्रकाराला देह आहे, सावली आहे, पावलांखालचा पाचोळा आहे. तो दोन पावले अधिक पुढे सरकला की बुलबुलाची शेंडी उभी राहते, खाणे थांबते आणि पक्षी उडून जातो. इवल्या देहाला थंडीच्या सकाळी जी ऊर्जा हवी असते ती फळाबरोबर फांदीवरच राहते. म्हणून देहधारी माणसाला साक्षित्व आपोआप लाभत नाही, ते अंतर राखून, थांबून आणि प्रसंगी चित्र सोडून देऊन मिळवावे लागते.

आमिषाचा प्रश्न याहून कठीण आहे. पपईची फोड फांदीला अडकवून पक्षी हव्या त्या प्रकाशात बोलावता येतो, आणि पक्ष्यांना अन्न देणे हा तर गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञ आहे, असे समर्थनही करता येते. परंतु भूतयज्ञातला घास ठेवणारा मागे वळून काही मागत नाही, तर येथे घास ठेवतानाच चित्ररूपी फळ ठरलेले असते. विशेष म्हणजे 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या करताना जिवे मारण्याबरोबर सापळा लावणे, हुसकावणे आणि आमिष दाखवणे यांचाही उल्लेख केला आहे. पपईच्या फोडीला कायदा शिकार म्हणेल की नाही हा भाग वेगळा. आमिष शिकारीच्या कुळातले आहे, एवढे त्या व्याख्येतून स्पष्ट होते.

लोणारशी महानुभाव पंथाचेही जुने नाते आहे, कारण लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तेथील वास्तव्याच्या लीळा येतात. त्याच ग्रंथातली पारध्यांपासून ससा वाचवल्याची लीळा येथे आठवणे अगत्याचे वाटते: जीव घेऊन पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला आणि तेथे निर्भय झाला. दुसऱ्या पक्ष्याजवळ बसून पहिला निवांत खातो तो याच निर्भयतेमुळे, आणि मंत्राने त्या दोघांना ‘सखे’ म्हटले आहे ते उगीच नव्हे.

भोक्त्याकडे मात्र परंपरेने काहीसे कमीपणाने पाहिले, आणि तेथे रान वेगळे काही दाखवते. पिंपळाचे बारीक बी पक्ष्याच्या पोटातून जाऊन त्याच्या विष्ठेबरोबर दूर कोठेतरी पडते. जुन्या देवळांच्या शिखरांवर, दगडांच्या सांध्यांत जी पिंपळाची रोपे उगवलेली दिसतात, ती बहुधा अशाच एखाद्या पक्ष्याने खाल्लेल्या फळाची असतात, आणि त्यांतले एखादे वाढून फळाला आले की त्यावर पुन्हा पक्षी उतरू लागतात.