पाणीवेशीसमोरचा वर्ग

प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाचा एक तरुण खिडकीत बसलाय. शहर त्रोवस, मजला तिसरा, माडीवर पुष्कळ दिवे लागलेले. पौलाला सकाळी निघायचंय, म्हणून तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहतो. युतुखाला डुलकी लागते आणि तो खिडकीतून खाली कोसळतो. लोक उचलायला धावतात, तर तो मेलेला. पौल खाली उतरतो, त्याला कवटाळतो, जीव आहे म्हणून सांगतो. मग वर येऊन भाकर मोडतो, खातो आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसतो.

आमच्या नगरच्या मंडळीत रविवारी उपासनेआधी बायबलचा वर्ग भरतो. तिथं हा उतारा वाचून झाला आणि रिक्षा चालवणारे एक काका म्हणाले, "पाळकसाहेब, म्हणजे माणूस माडीवरून पडला तरी प्रवचन काही आटपलं नाही!" सगळा वर्ग खो खो हसला. पाळकसाहेबांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.

रात्रपाळी संपवून थेट वर्गाला येणारी एक नर्स मागच्या बाकावर बसते. एरवी ती फारसं बोलत नाही. त्या हसण्याच्या भरात ती बोलून गेली, "दिवसभर राबून आला असेल हो तो. मला कळतं त्याचं." आणि वर्ग खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. रोमी साम्राज्यात तेव्हा रविवारची सुट्टी नव्हती, हे पाळकसाहेबांनी सांगितलं. ती सम्राट कॉन्स्टंटाईननं दिली ३२१ साली, आणि तीही शेतकऱ्यांना वगळून. त्याआधीच्या विश्वासणाऱ्यांना काम आटोपून रात्री तरी जमावं लागायचं, नाहीतर कामावर जाण्याआधी, पहाटे. साधारण ११२ साली प्लिनी नावाच्या रोमी सुभेदारानं सम्राट त्रायानला जे पत्र लिहिलं, त्यात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधंसुधं जेवण घेतात अशी नोंद आहे. त्यांच्यात दासी होत्या, गुलाम होते. आपल्या वेळेचे मालक नसलेली माणसं झोपेच्या वेळेतून वेळ काढून वचन ऐकायला येत होती.

मग सगळ्यांनी उतारा पुन्हा वाचला. युतुखाला कुणी रागावल्याचं त्यात कुठंही नाही. हे पुस्तक लिहिणारा लूक त्या माडीवर स्वतः हजर होता, कारण इथं तो 'आम्ही' म्हणून लिहितो. पौलाच्या एका पत्रात त्याला वैद्य म्हटलंय. त्याच्या नजरेत काय भरलं, तर पुष्कळ दिवे. तेलाच्या दिव्यांची धग, दाटलेली हवा, माणसांची गर्दी, रात्रीची वेळ. पोरगं का झोपलं याचं कारण वैद्यानं लिहून ठेवलंय, दोष मात्र दिलेला नाही. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आलेय, बहुतेक वेळा प्रवचनात झोपणाऱ्यांना कानपिचकी म्हणून. दिव्यांकडे माझं लक्ष गेलं ते त्या रविवारी, काकांच्या विनोदानंतर आणि त्या नर्सच्या एका वाक्यामुळे.

देवाच्या घरात हसणं शोभत नाही असं मानणारी वडीलधारी माणसं आमच्या मंडळीत आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. माणूस हसला की त्याची भीड जाते. भीड गेली की मनात कित्येक वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न बाहेर येतो. आणि प्रश्न विचारला गेल्याशिवाय वचन उघडत नाही. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याचंच बघा. तो राणीच्या खजिन्यावरचा मोठा माणूस. पण समजावून सांगणारं कुणी नसेल तर मला समजणार कसं, असं त्यानं वाटेत भेटलेल्या फिलिप्पाला मोकळेपणी विचारलं आणि त्याला रथात शेजारी बसवून घेतलं. हुद्द्याची भीड त्याला आडवी आली असती, तर ती गोष्ट तिथंच संपली असती.

खुद्द शास्त्रातच हसू आणणाऱ्या जागा कितीतरी आहेत. पेत्र तुरुंगात आहे, मार्काच्या आईच्या घरी मंडळी त्याच्यासाठी कळकळीनं प्रार्थना करतेय. देवदूत पेत्राला सोडवतो, तो येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची दासी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आतले म्हणतात, तुला वेड लागलंय. जे मागत होते तेच दारात उभं आहे, आणि ते दार वाजवतंय. लूकनं हे लिहिताना गाळलं नाही. आपल्या प्रार्थनेवर आपलाच किती विश्वास असतो, हे या एका प्रसंगातून मला जितकं समजलं तितकं मोठमोठ्या प्रवचनांतून समजलं नाही.

आणि आपण तर कीर्तनाच्या मुलखातली माणसं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे मागं टाकलं नाही. कीर्तनात आख्यान रंगलं की माणसं हसतात, पुढच्याच क्षणी डोळे पुसतात आणि घरी जाताना काहीतरी घेऊन जातात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना तर खळखळून हसत हसतच आपण एका बाईच्या विश्वासाच्या वाटेवर चालत राहतो. हा वारसा सोडून मंडळीनं गंभीर चेहऱ्यानं बसावं, असं मला तरी वाटत नाही.

हसण्याचे प्रकार मात्र दोन. एक माणसाला जवळ घेतं, दुसरं त्याला उघडं पाडतं. वर्गात बायबल आळीपाळीनं मोठ्यानं वाचतात, ज्याची पाळी त्यानं चार-पाच वचनं वाचायची. नहेम्याचा आठवा अध्याय सुरू होता आणि पाळी आली एका मावशींची. त्यांचं शाळेचं वय घरकामात गेलं, अक्षरओळख झाली ती मंडळीतच, नातवंडं झाल्यावर. त्यांच्या वाट्याला नेमकं चौथं वचन आलं. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा आहे, उजव्या हाताला सहा जण, डाव्या हाताला सात जण, आणि तेराही जणांची नावं. मत्तिथ्या, शमा, अनाया इथपर्यंत त्या बोट ठेवून आल्या. डाव्या बाजूच्या हश्बद्दानापाशी गाडं अडलं. त्यांनी पहिलं अक्षर लावलं, थांबल्या, पुन्हा लावलं. कानशिलं लाल झाली. मी बाजूलाच होते. त्यांचं बोट कागदावर घट्ट दाबलेलं मला दिसत होतं.

शेजारचे निवृत्त मास्तर पुढं झुकले आणि म्हणाले, "बाई, थांबा. हे एकट्याचं काम नाही." मग त्यांनी नाव फोडलं. हश्, बद्, दाना. सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा मावशींनी एकट्यांनी म्हटलं आणि आधी त्याच हसल्या, मग आम्ही. पुढं सातव्या वचनात आणखी तेरा नावं आहेत, ती त्यांनी आपण होऊन मागून घेतली. "आता मला सवय झाली," म्हणाल्या.

संडे स्कूलची सुरुवात अशाच माणसांसाठी झाली होती. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० च्या सुमारास कामकरी मुलांसाठी रविवारचे वर्ग काढले, कारण आठवड्याचे बाकी सहा दिवस ती मुलं मजुरीवर असत. वाचायला शिकवायचं आणि पुस्तक बायबल, अशी ती शाळा होती. मराठीत मत्तयाचं शुभवर्तमान छापलं गेलं १८०५ साली, विल्यम केरी यांच्या हातून, बंगालातल्या श्रीरामपूरला. पण सामान्य बायकांना कळेल असं बायबल हवं म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचं भाषांतर केलं, आणि ते छापण्याचं कामही मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, त्या भाषांतराचं काम हातावेगळं करून. टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या, दुष्काळातून आलेल्या मुलींच्या हातांनी खिळे जुळवून बायबल छापलं, याचा आपल्याला जितका अभिमान वाटायला हवा तितका वाटत नाही. मावशींचं बोट हश्बद्दानावर अडतं तेव्हा त्या बोटामागं हा सगळा इतिहास उभा असतो असं मला वाटतं.

तर नहेम्याचा आठवा अध्याय. बायबल अभ्यासाचा वर्ग कसा असावा याचं इतकं नेमकं वर्णन शास्त्रात दुसरीकडं सापडत नाही. बाबेलच्या बंदिवासातून परतलेली माणसं यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमलीत. (माळीवाड्याच्या वेशीखालून रोज जाणाऱ्या नगरकराला वेशीपुढचा चौक समजावून सांगावा लागत नाही.) पुरुष, बायका, आणि ऐकून समजण्याजोगी मुलंसुद्धा. त्यांनीच एज्राला नियमशास्त्र आणायला सांगितलंय. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालतं. लेवी लोक वाचलेल्याचा अर्थ उलगडून सांगतात, लोकांना समजेल अशा रीतीनं. आणि समजल्यावर लोक रडू लागतात.

इथं पुढारी काय करतात ते पाहण्यासारखं आहे. नहेम्या, एज्रा आणि लेवी लोकांना आवरतात. आज रडायचं नाही म्हणतात. घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलेलं नाही त्याच्याकडं वाटा पाठवा. परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे, असं सांगून ते त्यांना घरी पाठवतात. लोक जातात, खातात, पितात, वाटे पाठवतात. का? तर सांगितलेलं त्यांना समजलं म्हणून, असं कारण लेखकानं दिलंय. समजणं, आनंद होणं आणि शेजाऱ्याच्या घरी ताट पाठवणं ही तीन कामं तिथं एकाच दुपारी होतात. यातलं एक गळालं तर बाकीच्या दोन्हींत राम राहत नाही, असं मी गेली कित्येक वर्षं पाहतेय. नुसतं समजलेली माणसं वाद घालत बसतात. नुसती आनंदी माणसं पुढच्या रविवारी येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख एज्राकडं पुन्हा अभ्यासाला आले. त्यांना सणाच्या दिवसांत मांडवांत राहायची आज्ञा वाचायला मिळाली. कुणी चर्चा लांबवली नाही. डोंगरावर जाऊन जैतुनाच्या, मेंदीच्या, खजुरीच्या फांद्या आणल्या आणि घरांच्या धाब्यांवर, अंगणांत, चौकांत मांडव घातले. फार मोठा आनंद तिथं झाला, असं वर्णन आहे.

आमच्या वर्गात हा अध्याय संपला तेव्हा काकांनीच विचारलं, "मग आपण कुणाकडं वाटा पाठवायचा?" एक आजी खुब्याचं हाड मोडल्यापासून घरीच असतात. वर्गातल्या सगळ्यांत जुन्या विद्यार्थिनी त्या. त्यांच्या बायबलाला खाकी कव्हर, आणि लहान लहान पुस्तकांच्या जागी रंगीत दोरे. ओबद्या काढा म्हटलं की तरुण पोरं मोबाईलवर शोधत असत, तोवर आजींनी हिरवा दोरा ओढून आमोस आणि योना यांच्यामधलं ते एका अध्यायाचं पुस्तक उघडलेलं असे, आणि वर विजयानं सगळ्यांकडं बघणं असे. त्यांच्या घरी डबा घेऊन गेलो. वरणभात, मटणाचा रस्सा, वर नर्सनं केलेली शेवयांची खीर. आजींनी डबा बाजूला ठेवला आणि पहिली चौकशी केली, "कुठवर आलं तुमचं?"

तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या बुधवारी संध्याकाळी वर्ग त्यांच्या पलंगाभोवती भरतो. हश्बद्दानाच्या मावशी तिथं वाचायला सगळ्यांत पुढं असतात. आजींनी एकच अट घातलीय: त्यांच्या घरी उतारा त्या निवडणार. पहिल्याच बुधवारी त्यांनी एकशे एकोणिसावं स्तोत्र काढलं. वचनं १७६. सगळी आळीपाळीनं वाचून होईपर्यंत त्यांनी सुनेला चहा ठेवू दिला नाही, आणि शंभराव्या वचनाच्या आसपास काका पेंगायला लागले तेव्हा आजींनी नर्सला सांगितलं, "अगं, त्यांना खिडकीपासून जरा लांब बसव."